पांढऱ्या बुडाचा डबा

हंबीरराव ड्रायव्हर म्हणजे कराडजवळच्या मलकापुरातला उभा-आडवा गडी. पलटणीतून पेन्शन घेऊन एसटीत लागला, तरी मिशा अजून पलटणीतल्याच. आता आमच्या भागात जत्रेला बोकडाचा रस्सा करणाऱ्या गड्याचं कोण कौतुक होतं! पण रोज पहाटे उठून घेवडा निवडणारा, कांदा चिरणारा, फोडणी देणारा बाप्या? छ्या! लोक तोंडावर काही बोलणार नाहीत, पण पाठीमागं पारावर हसून हसून लोळतील. आणि हंबीरराव नेमकं तेच करत होता. एक दिवस, दोन दिवस नव्हे, चांगली काही वर्षं. हे त्याला आणि त्याच्या बायकोला सोडून कुणाला ठाऊक नाही, असं तो बिचारा धरून चालला होता.

त्याला कारण त्याची आई रंगूबाई आणि तिचा शब्द. नवरा सरहद्दीवर असताना हंबीररावच्या बायकोनं, क्रांतीनं, नर्सिंगचं शिक्षण पुरं केलं होतं. तो परत आला आणि हिला कराडच्या एका दवाखान्यात नोकरी लागली. रंगूबाईनं भावकी बसवली आणि सगळ्यांच्या देखत सांगितलं, "नोकरी कर बाई, मी न्हाई म्हणत न्हाई. पर दिवेलागणीला माझ्या भाकरीसंगं ऊन ऊन कोरड्यास पायजे, आन ते तुझ्या हातचं. सकाळचं निवल्यालं मी खायची न्हाई, हाटेलातलं तर न्हाईच न्हाई. ज्या दिशी चुकंल, त्या दिशी नोकरी बंद."

भाकरी रंगूबाई स्वतः थापायची, परसातल्या चुलीवर. पण सून घरात आली की सासूनं कोरड्यासाला, म्हणजे कालवणाला, हात लावायचा नाही, असा तिचा नेम. जन्मभर चुलीपुढं भाजून निघाले, आता बास, म्हणायची. म्हणण्यात खोटं काहीच नव्हतं. क्रांतीनं मान डोलावली आणि "व्हय आत्याबाई" म्हणून मोकळी झाली. दवाखान्याची सुट्टी दिवस मावळल्यावर होते, हे तिला तेव्हा कळलं नव्हतं असं नाही. पण त्या पांढऱ्या कपड्यापायी ती त्या घटकेला कशालाही हो म्हणाली असती. पहिल्या दिवशी ते कपडे घालून ती आरशापुढं उभी राहिली, तेव्हा हंबीरराव दाराशी चपला शोधत होता. त्यानं बायकोचा तसला चेहरा लग्नातसुद्धा पाहिला नव्हता. तो चेहरा जाऊ द्यायचा नाही, एवढं त्यानं तिथंच ठरवलं.

पण ठरवून कोरड्यास शिजत नाही. आठवडाभरातच क्रांती एका पहाटे ओट्यापाशी अर्धा चिरलेला कांदा घेऊन रडत बसलेली त्याला दिसली, आणि ते पाणी काही कांद्याचं नव्हतं. आता शिजवलं तर संध्याकाळपर्यंत निवणार. संध्याकाळी शिजवायला ती घरी नाही. हंबीरराव तिच्याशेजारी टेकला आणि त्याला कुठून कोण जाणे, लेहचा रस्ता आठवला. ट्रकामागं ट्रक चाललेत, हाडं गोठवणारी थंडी, आणि इंजिनाच्या कडेला तारेनं बांधलेले डबे. सकाळी कच्चे बांधलेले राजमे मुक्कामाला पोचेपर्यंत लोण्यागत व्हायचे.

"क्रांती," तो म्हणाला, "इंजीन म्हंजे चूलच की गं. धावती चूल."

ती नाक पुसत म्हणाली, "आन लोकास्नी कळलं तर तुमच्या अब्रूचं काय?"

"ती बानेटवर घोंगड्याखाली झाकू."

खोटं बोल पण रेटून बोल म्हणतात. रंगूबाईला सांगितलं ते असं: क्रांती दुपारच्या सुट्टीत नर्सबायकांच्या खोलीतल्या शेगडीवर कोरड्यास करते आणि कराडच्या स्टँडवर हंबीररावच्या गाडीत देते. म्हातारीनं ऐकून घेतलं, पदर सावरला आणि म्हणाली, "बरं." एवढंच.

तेव्हापासून हंबीररावची पहाट ठरून गेली. म्हातारी देवळात गेली की तो चुलीला लागायचा. रात्री भिजवलेला कोरेगावचा वाघ्या घेवडा, नाहीतर मटकी, नाहीतर पावटा. तो आधी गॅसवर खळाखळा उकळायचा, कांदा-लसणाच्या चटणीची फोडणी द्यायची, आणि तसंच उकळतं बापाच्या वेळच्या पितळी डब्यात ओतायचं. डबा आतून कल्हईचा, झाकण फिरकीचं. मग झाकण घट्ट पिळून डब्याच्या बुडाला ओल्या राखेचा हात द्यायचा. हे राखेचं त्यानं लहानपणापासून केलेलं. चुलीवर भांडं चढवायच्या आधी बुडाला राख फासली की धुराची काजळी राखेवर बसते आणि घासताना सगळं एकदम निघतं. रंगूबाईच्या घरात ते काम हंबीरचं. तो डावखुरा, डाव्या हाताची चार बोटं राखेत बुडवून फराटे ओढायचा.

क्रांतीला पहिल्या दिवशी हसू आवरेना. "आवं, बानेटवर धूर कुठला आलाय? राख कशापायी?"

"आगीवर भांडं ठेवायचं तर राख लावायची," हंबीरराव गंभीरपणानं म्हणाला. "रीत म्हंजे रीत."

मग पलटणीच्या जुन्या घोंगडीचा तुकडा भोवती गुंडाळला की डबा निघाला ड्युटीवर.

गाडी जुनी होती, पण इंजिनाची ऊब काय सांगावी! ड्रायव्हरच्या डाव्या हाताला ते लोखंडी बॉनेट, वर रेक्झिनची गादी, आणि त्यावर घोंगडीतलं गाठोडं. पहाटेची गाडी कराडहून मसूर गावाच्या अंगानं कोरेगावला जायची. हिवाळ्यात कृष्णेवर धुकं असं पसरलेलं असायचं की पूल कुठं संपतो आणि रान कुठं लागतं ते कळायचं नाही. उसाला तुरे आलेले. कारखान्याच्या मळीचा गोडसर आंबूस वास. हंबीरराव दिव्याच्या उजेडात रस्ता चाचपत चालायचा आणि डाव्या कानानं डब्याची बारीक बुदबुद ऐकायचा. कोरेगाव यायच्या आत फोडणीचा वास सुटायचा. तो एकदम येत नसे. आधी लसूण, मग हळूच घेवड्याचा मातकट वास, आणि मग काय कोण जाणे, सगळ्या गाडीलाच पेंग यायची. बाजाराला निघालेल्या बाया एकमेकींच्या खांद्यावर डोकी टेकायच्या. कॉलेजची पोरं मोबाइल हातात धरून झोपायची. कुणी झोपेतच म्हणायचं, "आय, वाढ की." जागं कुणी विचारलं तर सांगता यायचं नाही, पण प्रत्येकजण तेवढा वेळ आपापल्या घरी जाऊन यायचा. हंबीररावला ते आरशात दिसायचं. त्याला वाटायचं, आपण गाडी हाकत नाही, एक मोठी चूल सांभाळत चाललोय, आणि सगळं जग तिच्या उबेला निजलंय.

गाडीचा कंडक्टर इंद्रजित, आटपाडीकडचा, तोंडाचा फटकळ. डब्यात काय आहे ते त्याला पहिल्या दिवशीच नाकानं कळलं. पण गडी इमानाचा. कुणी गाठोड्याकडं हात नेला की ओरडायचा, "ए बाबा, हात लावू नगंस! देव हाय त्यो!"

झालं! देव म्हटल्यावर आपली माणसं काय सोडतात? मसूरची एक म्हातारी रोज चढताना गाठोड्याला हात जोडायला लागली. एका मंगळवारी तिनं वर चिमूटभर कुंकू टाकलं, ते घोंगडीच्या फटीतून डब्याच्या झाकणावर गेलं. हंबीररावला ते संध्याकाळपर्यंत दिसलं नाही. दिसलं ते रंगूबाईला.

"हे कुकू कुठलं रं?" तिनं झाकण डोळ्यांजवळ धरून विचारलं.

"द… दवाखान्यात पूजा हुती," हंबीरराव म्हणाला. सरहद्दीवर इतकी वर्षं काढलेला माणूस, पण आईपुढं त्याला घाम फुटला.

"आसंल," म्हातारी म्हणाली आणि डबा घासायला घेऊन गेली.

डबा घासायचं काम तिचंच होतं. दिवस बुडताना हंबीरराव यायचा, वाफाळतं कोरड्यास पुढं ठेवायचा. ती भाकरी कुस्करून मन लावून जेवायची. बोलायची नाही. कधी नुसती मान हलवायची आणि म्हणायची, "सुनंच्या हाताला चव हाय." मग परसात बसून नारळाच्या शेंडीनं डबा घासायची. कधीकधी घासता घासता हात थांबवून ती डब्याकडं बघत बसायची. हंबीरराव ओसरीवरून ते बघायचा. म्हातारपण, दुसरं काय, असं म्हणून सोडून द्यायचा. क्रांती उशिरा यायची, उरलेलं गरम करून जेवायची, आणि झाकण पिळून ठेवलेल्या स्वच्छ डब्याकडं बघून नवऱ्याला डोळ्यांनी विचारायची. तो डोळ्यांनी सांगायचा, निभलं. असं रोज निभत होतं.

आणि एके दिवशी पहाटे डेपोत त्याच्या जुन्या गाडीच्या जागी एक हिरवी-पांढरी लांबलचक गाडी उभी होती. विजेची. इंद्रजित पायरीवर बसून तोंड वाकडं करून तिच्याकडं बघत होता.

"हंबीरभाऊ, ही आपली नवी नवरी," तो म्हणाला. "जुनी गेली भंगाराला."

हंबीरराव डबा काखोटीला मारून आत चढला आणि जागच्या जागी उभा राहिला. बॉनेटच नाही! ड्रायव्हरच्या शेजारी सपाट, थंडगार, गुळगुळीत फरशी. जे काही यंत्र होतं ते मागं कुठंतरी झाकलेलं. त्यानं हात लावून लावून ऊब शोधली, मांजर शोधतं तशी. कुठंही नाही. गाडी सुरू केली तर आवाजसुद्धा नाही.

"आता रं?" तो म्हणाला.

"काचंपाशी ठेवा. ऊन तरी लागंल," इंद्रजित म्हणाला, पण त्याचा त्यालाच भरवसा नव्हता.

त्या दिवशी गाडीत कुणाला पेंग आली नाही. वास नाही, ऊब नाही, घरघर नाही. माणसं टक्क जागी. मसूरची म्हातारी चढली, हात जोडायला वळली आणि गोंधळून म्हणाली, "देव कुठं गेला रं लेकरा?" नवी गाडी चांगली होती, उगाच का खोटं बोला. धूर नाही, धक्के नाहीत. पण हंबीररावला ती दिवसभर परक्याच्या घरासारखी वाटली. दुपारी त्यानं घोंगडीत हात घालून बघितलं. डबा कोमट. संध्याकाळी कराडच्या स्टँडवर त्यानं झाकण पिळून उघडलं. घेवडा दाणा न् दाणा कडक, रस्सा पाण्यासारखा. बोटात दाबला तर दाणा टुणकन उडाला.

एका हॉटेलापुढं तो थांबला. आत मोठ्या पातेल्यात मटकीची उसळ रटरटत होती. ती डब्यात भरून घ्यायची, आणि काय! त्यानं पाऊल उचललं, आणि तिथंच अडला. आईनं एका घासात ओळखलं असतं, आणि मग नोकरी तर जाईलच, वर पोरानं हाटेलातलं खपवलं हे तिच्या जिव्हारी लागेल. त्याला पांढऱ्या कपड्यातली क्रांती दिसली. ह्या वेळेला ती कुणाच्या तरी उशाशी सलाइन लावत असेल, तिला ह्यातलं काहीच ठाऊक नाही. आज रात्री ती येईल आणि नेहमीसारखी डोळ्यांनी विचारेल. काय सांगायचं तिला? तो कच्चा डबा तसाच घेऊन घरी निघाला.

रंगूबाई परसात चुलीपुढं भाकरी थापत होती. दिवेलागण झालेली. त्यानं डबा तिच्यापुढं ठेवला आणि तिथंच उकिडवा बसला.

"आये, आज कोरड्यास झालं न्हाई."

"का रं?"

"कच्चं हाय. क्रांतीला… दवाखान्यात आज लय…" रेटून बोलायची सवय असलेला गडी, पण आज जीभ रेटेना. "आये, चूक माझी हाय. क्रांतीची न्हाई. तिची नोकरी बंद करू नगंस. ती कवाच रांधत नव्हती. मीच—"

"तूच फासतोस ती राख," म्हातारी म्हणाली.

रंगूबाईनं तव्यावरची भाकरी उलटली, पदरानं हात पुसला आणि डबा उलटा करून त्याच्या नाकापुढं धरला. "हे बघ बूड. पांढरं फक्क. रोज पांढरं. आरं, इस्तवावर ठेवल्याली राख अशी ऱ्हाती व्हय? करपती, तांबूस हुती, तडकती. ह्याला इस्तू कवा लागलाच न्हाई. आन ह्या रेघा." तिनं वाळक्या बोटानं राखेवरचे चार फराटे दाखवले. "माझ्या डावऱ्या पोराच्या हातच्या. ल्हानपणी हितंच बसून वडायचास. तुझी बायकू शिकल्याली, ती कशाला राख फासतीया? येडं समजलास व्हय रं मला?"

"म्हंजे तुला… कवापासनं?"

"पयल्या दिशीपासनं."

तव्यावरची भाकरी करपायला लागली तरी तिचं लक्ष नव्हतं.

"मग बोलली का न्हाईस?"

रंगूबाईनं करपलेली भाकरी तव्यावरून काढली. "बोलले आसते तर तुला लाज वाटली आसती. तू बंद क्येलं आसतंस. हंबीर, सात वर्साची आसल्यापास्नं ह्या चुलीम्होरं हाय मी. बापाला घातलं, दिराला घातलं, तुझ्या बाला घातलं, तुला घातलं. मला कुणी रांधून घातलं न्हाई रं कवा. बाळंतपणात बी उठून माझी मीच पेज क्येली. आन म्हातारपणी माझा ल्योक माझ्यासाठी घेवडा शिजवून आणतोय, एवढ्या लांबनं, घोंगडीत गुंडाळून. डबा घासताना मला रडू यायचं. त्ये बंद करू व्हय मी?"

हंबीरराव एवढा धिप्पाड गडी, त्यानं दोन्ही गुडघ्यांत तोंड घातलं. म्हातारीनं त्याच्या पाठीत एक धपाटा घातला.

"ऊठ. रडून घेवडा शिजायचा न्हाई. चढव चुलीवर."

त्यानं झाकण सैल करून डबा चुलीवर ठेवला. तिनं लाकडं पुढं सारली. दोघं मायलेकरं शेजारी शेजारी बसली. धूर परसातल्या शेवग्यात जाऊन अडकत होता. डब्याची बुदबुद सुरू झाली आणि ती ऐकताना हंबीररावला वाटलं, आपण पुन्हा धुक्यातून चाललोय, आणि ह्या खेपेला शेजारी आई बसलीय. तिच्या डोळ्यांवर पेंग होती. दिवेलागणीचं जेवण चुकलं होतं, जन्मात पहिल्यांदा, आणि तिला त्याचं काहीसुद्धा वाटत नव्हतं.

"तुझ्या त्या बानेटाचं येवडं काय," ती पेंगतच बोलली. "आमी रानात भांगलणीला जायचो तवा पाटीत भुस्कट भरायचो. उकळतं मडकं त्यात गाडायचं, वरनं गोधडी. आन झाकण उघडून बगायचं न्हाई. सांजच्याला घरी आलं की मऊ लोण्यावानी. चुलीगत ऊब ऱ्हाती भुस्कटात. पाटी हाय माळ्यावर. राखण मी करीन. कुत्रं-मांजर मी हाकलीन. रांधायचं मातर तू."

क्रांती घरी आली तेव्हा परसातून वास येत होता. दारातच तिचा चेहरा उतरला. ह्या वेळेला चूल पेटलेली म्हणजे काहीतरी चुकलं. ती तशीच पांढऱ्या कपड्यांत परसात आली. चुलीपुढं नवरा, हातात पळी. सासू भाकऱ्या मांडत होती.

"बस," रंगूबाई म्हणाली. "आज तुझ्या दादल्याच्या हातचं हाय. रोजच्यासारखंच."

क्रांती मटकन खाली बसली. "आत्याबाई… मग माझी नोकरी?"

"तिला काय झालंय?" म्हातारी उसळली. "माझा सबूद काय हुता? ज्या दिशी सुनंच्या हातचं चुकंल त्या दिशी बंद. आगं, रोजच चुकत आलंय की! मी कवा बंद क्येली? खा गप. आन ती कापडं सांभाळ, रस्सा सांडंल."

तिघं एका ओळीत बसून जेवली. क्रांतीच्या डोळ्यांतलं पाणी ताटात पडत होतं आणि ती मध्येच हसत होती. हंबीरराव दोघींना वाढत होता. त्याला कुणाची लाज वाटत नव्हती. घेवडा थोडा दाताखाली लागत होता, पण तिघांतल्या कुणीही ते म्हटलं नाही.

जेवण झाल्यावर रंगूबाईनं डबा घासायला घेतला. ह्या खेपेला बूड काळं कुळकुळीत झालं होतं. पाणी घालताच राख सुटली आणि काजळी तिच्याबरोबर निघून गेली, खालून पितळ पिवळं धमक. हंबीरराव जवळ येऊन उभा राहिला. उद्याचं कडधान्य भिजवायचं होतं.

"आये," तो म्हणाला, "उद्या तुला काय खावं वाटतंय?"

रंगूबाईचा हात थांबला. तिनं वर बघितलं. मग ती आठवायला लागली. पावटा म्हणावं तर तो हंबीरच्या बापाच्या आवडीचा. मटकी दिराला लागायची. हुलग्याचं माडगं सासरा मागायचा. घेवडा हंबीरचा. ती एकेक आठवत गेली, एकेक बाजूला ठेवत गेली. हातातल्या डब्यावरचं पाणी वाळून गेलं तरी ती तशीच बसून होती.

"उद्या सांगते," ती शेवटी हळूच म्हणाली. "मला कुणी इचारलंच न्हवतं रं कवा."